हक्क राखून ठेवले, पण कोणासाठी?

कोणतंही जुनं मराठी पुस्तक घ्या आणि आतलं दुसरं पान उघडा. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रकाचा पत्ता, आवृत्तीचं वर्ष, किंमत आणि मध्येच कुठेतरी वर्तुळातला ‘सी’. त्याच्यापुढे अनेकदा लेखकाचं नव्हे, त्याच्या पत्नीचं नाव असतं : सौ. अमुक तमुक. खाली सदाशिव पेठेतला किंवा दादरच्या एखाद्या चाळीतला घरक्रमांक. सर्व हक्क स्वाधीन. पुस्तक १९६८चं असेल तर त्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, सौ. हयात नाहीत, मुद्रणालय केव्हाच बंद पडलं आणि प्रकाशकाच्या नातवाने गाळा भाड्याने दिला आहे. हक्क मात्र शाबूत आहेत. ते नेमके कोणाकडे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून ते पुस्तक कोणालाच छापता येत नाही.

लेखकाच्या हक्काविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. लिहिणाऱ्याच्या मेहनतीवर दुसऱ्याने दुकान थाटू नये यासाठी कायदा हवाच आणि तो कडक हवा. माझा राग आहे तो विचार न करता छापल्या जाणाऱ्या त्या एका ओळीवर. ती बहुतेक वेळा लेखकाने ठरवून लिहिलेली नसते. मागच्या पुस्तकात होती म्हणून या पुस्तकात आली, अक्षरजुळणी करणाऱ्याने तशीच उचलली. लेखक गेल्यावर साठ वर्षं जिचा परिणाम टिकणार, त्या गोष्टीचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

साठ वर्षं हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लिहिणाऱ्याला हक्क आपोआप मिळतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ लागत नाही, ‘स्वाधीन’ची ओळसुद्धा लागत नाही. लेखकाच्या हयातीत तो असतोच, आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे आणखी ६० वर्षं टिकतो. पत्नीचं नाव छापलं तरी मुदत मोजायची ती लेखकाच्याच मृत्यूपासून. २०२५ साली ३५ वर्षांची असलेली कवयित्री ८५ वर्षं जगली, तर तिची आज लिहिलेली कविता २१३५च्या अखेरपर्यंत कुलपात राहील. तोवर तिच्या पणतवंडांना तरी ती कविता लिहायची हे ठाऊक असेल का?

पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यामुळे विश्वभारतीकडचे त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार होते. ऐन तोंडावर केंद्र सरकारने अध्यादेश काढला, पुढच्या वर्षी कायदा केला आणि मुदत १० वर्षांनी वाढवली. कारण होतं एका महाकवीचं साहित्य; वाढीव कुलूप लागलं सगळ्या भाषांतल्या सगळ्या लेखकांना. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबाने त्यांचं लेखन २००१च्या १ जानेवारीला सर्वांचं झालं असतं. ते झालं २०११ला. त्यानंतर ‘श्यामची आई’ किती प्रकाशकांनी, किती आकारांत आणि किती कमी किमतींत काढलं हे कोणत्याही पुस्तक प्रदर्शनात टेबलावर नजर टाकली तरी दिसतं. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१३पासून मोकळी. ही मोठी नावं. त्यांचे वारस, प्रकाशक, तारखा, सगळं माहीत आहे. अडकतात ते बाकीचे.

ओळखीचे एक संपादक जुन्या दिवाळी अंकांतल्या विस्मरणात गेलेल्या कथांचा संग्रह करत होते. कथा निवडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ वारस शोधण्यात गेला. त्यातल्या एका कथेची लेखिका अविवाहित, शाळेत शिक्षिका, १९८०च्या आसपास वारलेली. अंक बंद पडलेला, त्याचे संपादक दिवंगत. शाळेत चौकशी केली तर जुनी दप्तरं पुरात गेली होती. शेवटी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेवरून एका भाच्याचं नाव मिळालं. भाचे तीन निघाले. नाशिकचा फोनवरच म्हणाला, ‘छापा की, मावशीला बरं वाटलं असतं.’ दुसरा अमेरिकेत. त्याने मेलला उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने विचारलं, ‘किती देणार?’ आकडा ऐकला आणि म्हणाला, ‘बघू.’ त्या ‘बघू’वर दिवाळी उलटून गेली. प्रकाशकाच्या वकिलाने सांगितलं, तिघांच्या सह्या नसतील तर छापू नका. कथा संग्रहातून गळली. मी ती वाचली आहे. गिरणी कामगाराच्या बायकोची एक दुपार : स्टोव्हची पिन शोधता शोधता नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात तिला संपाच्या वर्गणीची पावती सापडते, आणि ती पावती होती तशी घडी घालून परत ठेवते. एवढीच कथा. अशी कथा आपल्याकडे आहे आणि ती आपल्याला वाचता येत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यावर कोणी म्हणेल, कायद्यात सोय आहे. आहे. कलम ३१अ. लेखक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. दिवाळी अंकातल्या आठ पानी मराठी कथेसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात! तिचा खर्च त्या संग्रहाच्या अख्ख्या आवृत्तीच्या नफ्यापेक्षा जास्त. मग अर्ज, मग शुल्क, मग ठरेल ते मानधन जमा करणं. हा रस्ता मोठ्या कंपनीसाठी ठीक आहे. मराठी प्रकाशक त्या वाटेला जाणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

खरा उपाय लेखकाच्याच हातात आहे. परवानगी आधीच देऊन ठेवायची. जिवंत असताना, लेखी, आणि नाव-गाव माहीत नसलेल्या प्रत्येकाला. खुला परवाना म्हणतात तो हाच. हक्क लेखकाकडेच राहतो. कोणत्या अटीवर कोणालाही वापर करता येईल हे तो जाहीर करतो, इतकंच. नंतर वारस सापडोत न सापडोत, भाचे भांडोत न भांडोत, अडत काही नाही.

या परवान्यांचा जन्म एका पराभवाच्या शेजारी झाला. अमेरिकेने १९९८ साली कायदा करून मुदत २० वर्षांनी वाढवली आणि ती मृत्यूनंतर ७० वर्षांवर नेली. मुदत संपलेली पुस्तकं इंटरनेटवर ठेवणारे एरिक एल्ड्रेड त्याविरुद्ध न्यायालयात गेले. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्यांचा खटला लढवला, आणि जानेवारी २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते सात विरुद्ध दोन मतांनी हरले. पण निकालाच्या महिनाभर आधीच, १६ डिसेंबर २००२ला, याच मंडळींच्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेने आपले पहिले परवाने जाहीर केले होते. संसद ऐकत नाही, न्यायालय ऐकेल याची खात्री नाही; मग ज्या हक्काने कुलूप लागतं त्याच हक्काने किल्ली वाटायची. मला ही युक्ती फार आवडते. कायदा मोडलेला नाही, कोणाला फसवलेलं नाही.

परवाने सहा आहेत, पण समजून घ्यायला चार शब्द पुरतात. ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे यावरून जे कराल तेही याच अटींवर खुलं ठेवा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे बदल नको. नाव देण्याची अट सहाही परवान्यांत आहे. बाकीच्या अटी हव्या तशा जोडायच्या. विकिपीडिया, मराठी विकिपीडियासकट, ‘बाय-एसए’वर चालतो. नावाचीही अट ज्याला नको त्याच्यासाठी ‘सीसी झीरो’ आहे. शिवाय आपल्याच कायद्याच्या कलम २१नुसार लेखकाला आपला हक्क सोडता येतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जाहीर सूचनाही पुरते.

आता आक्षेप. ते मी सगळ्या साहित्यिक कट्ट्यांवर ऐकले आहेत.

पहिला : चोरी होईल. अहो, चोरी आताच चालू आहे. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी ज्या कविता येतात त्यांतल्या किती खऱ्या कवीच्या नावाने येतात? परभणीच्या कोणा तरुण कवीची ओळ कुसुमाग्रजांच्या नावावर फिरते, कोणा गृहिणीचं मुक्तक वपुंच्या नावावर, आणि विनोदी काही असलं की ते पुलंचंच. त्या कवींनी ‘सर्व हक्क स्वाधीन’ लिहिलं होतं. काय उपयोग झाला? नाव खोडणाऱ्याला ती ओळ अडवत नाही. ती अडवते विचारून वापरणाऱ्या सभ्य माणसाला : पाठ्यपुस्तक समितीतल्या शिक्षिकेला, अनुवादकाला, गावच्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेच्या संपादकाला. या सहाही परवान्यांत नाव देणं ही पहिली किंमत असते आणि ती सक्तीची असते. कोणी नाव गाळलं तर त्याचा परवाना आपोआप संपतो. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०१३पासूनच्या परवान्यांत, चूक कळल्यावर ३० दिवसांत सुधारली तर तो पुन्हा लागू होतो. ही अट मला न्याय्य वाटते.

दुसरा : मग आम्ही जगायचं कशावर? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याचं घर पुस्तकाच्या मानधनावर चालतं त्याने आपली खपणारी कादंबरी मोकळी करावी असं मी म्हणणार नाही. पण मराठीत असे लेखक किती? पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती निघते, ती संपायला वर्षं लागतात, आणि संपल्यावर दुसरी निघत नाही. न छापलेल्या आवृत्तीचे हक्क राखून लेखकाला एक रुपयाही मिळत नाही. वाचकही मिळत नाहीत. शिवाय खुला परवाना दिला म्हणून पुस्तक विकायचं थांबत नाही. कोरी डॉक्टरो या लेखकाने २००३ साली आपली पहिली कादंबरी एका मोठ्या प्रकाशनाकडून छापून घेतली आणि त्याच दिवशी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इंटरनेटवर मोकळी ठेवली. पुस्तक दुकानात विकलं गेलं आणि तो आजही लिहून जगतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्यापासून तुम्ही वाटप थांबवू शकता, पण ज्याच्या हाती प्रत गेली त्याचा हक्क जात नाही. म्हणून घाईत, समारंभात, कोणाच्या आग्रहाखातर परवाना देऊ नका.

तिसरा : आमच्या लेखनाची मोडतोड होईल. याबाबतीत गांधीजींचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. ‘हिंद स्वराज’चं इंग्रजी पुस्तक त्यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्सहून काढलं, तेव्हा कोणतेही हक्क राखलेले नाहीत असं त्यावर छापलं होतं. पण याच गांधींनी १९४० साली मृत्युपत्र करून आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टला दिले. मोडक्यातोडक्या भाषांतरांचा त्रास त्यांना झाला होता. तेव्हा ही भीती खोटी नाही. तरीही, परवाना देऊन नाव आणि अब्रू गहाण पडत नाही. बदल केला तर तो केल्याचं सांगणं परवान्यातच बंधनकारक आहे; लेखकाने म्हटलं तर बदललेल्या मजकुरावरून त्याचं नाव काढावं लागतं; आणि बदनामी होईल अशा विकृतीविरुद्ध कलम ५७ आहेच.

या भीतीपोटी होतं काय, तर मराठी लेखक परवाना द्यायला तयार झालाच तर सगळ्यांत घट्ट परवाना निवडतो : धंदा नको, बदलही नको. ऐकायला सुरक्षित वाटतं. परिणाम बघा. ‘एनसी’ लावलेला लेख विकिपीडियाला घेता येत नाही. पदरमोड करून दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकाला घेता येत नाही, कारण अंक विकला जातो. ‘एनडी’ लावलेल्या कथेचं भाषांतर करून ते छापता येत नाही, कारण भाषांतर हाही बदलच. मग ती अहिराणीत जात नाही, कोकणीत जात नाही. याच्या उलट प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ पाहा. ८ सप्टेंबर २०१५ला, साक्षरता दिनी, त्यांनी मुलांची सचित्र पुस्तकं ‘सीसी बाय’खाली मोकळी केली. छापा, विका, भाषांतर करा, चित्रं घेऊन नवी गोष्ट रचा; लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव द्या. मेळघाटातल्या एखाद्या शिक्षिकेला त्यातली मराठी गोष्ट कोरकूत करावीशी वाटली तर तिने बंगळुरूला पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसायची गरज नाही. आज रात्री करावी, उद्या वर्गात वाचावी.

बदलाची मुभा काय करू शकते याचं माझं आवडतं उदाहरण अक्षरांचं आहे. मराठी शासनमान्य वर्णमालेत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. हिंदी छपाईत ‘ल’ला उजवीकडे सरळ दंड. वर्षानुवर्षं संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी हिंदी वळणाचा ‘ल’ सोसला, कारण फाँट ज्याच्या मालकीचा त्याने जो दिला तो घ्यायचा; आत हात घालायला बंदी. मग ओपन फाँट लायसन्सखालचे फाँट आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ दिले, कॅनडाच्या ‘टायरो टाइपवर्क्स’ने देवनागरीचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फाँट दिले. या परवान्याच्या अटी सोप्या आहेत. फाँट पुस्तकात, फलकावर, लग्नपत्रिकेत, कुठेही वापरा. आतलं अक्षर पटलं नाही तर बदला. बदललेला फाँट याच परवान्याखाली द्या, मूळकर्त्याने राखून ठेवलेलं नाव त्याला देऊ नका, आणि नुसता फाँट सुटा विकू नका. म्हणजे उद्या कोल्हापूरच्या एखाद्या पोरीला ‘ळ’चं वळण खटकलं, तर तिने तो ‘ळ’ स्वतः काढावा आणि सगळ्या मराठी मुलखाला द्यावा. तिला अडवायला कोणी नाही. चोरून उतरवलेल्या फाँटवर पत्रिका छापणारे आपले छापखाने आठवा, म्हणजे हा केवढा फरक आहे ते कळेल.

रंगभूमीवर तर याची गरज पावलोपावली आहे. एकांकिका स्पर्धेच्या प्रवेशिकेबरोबर लेखकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे, गावोगावी दुसऱ्या स्पर्धा आहेत, आणि दरवर्षी विशीतली मुलं नव्या संहिता लिहितात. प्रयोग होतात, बक्षीस मिळतं किंवा मिळत नाही, आणि संहिता मोबाइलमधल्या फाइलसकट नाहीशी होते. लेखक नोकरीला लागतो, नंबर बदलतो. चार वर्षांनी उदगीरच्या कॉलेजला ती करायची असते आणि पत्रावर सही करायला माणूस सापडत नाही. पहिल्या पानावर ‘सीसी बाय-एसए ४.०’ एवढं लिहिलं असतं तर तेच पान परवानगीपत्र झालं असतं. ज्याला मानधन हवं त्याने जरूर मागावं. ज्याला फक्त आपली एकांकिका कोणीतरी करावी एवढंच हवं आहे, आणि असे खूप आहेत, त्याने तसं लिहून ठेवायला काय हरकत आहे?

लेखकांनी आणखी एक करावं. आपले जुने करार काढून वाचावेत. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. तोंडी ‘तुम्हीच छापा’ने हक्क प्रकाशकाचा होत नाही. १९९५नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम १९. म्हणजे ज्या पुस्तकाचे हक्क आपण गमावले असं अनेकांना वाटतं, ते त्यांच्याकडे परत आलेलेही असू शकतात. करार कपाटातून काढल्याशिवाय हे कळणार नाही.

खासगी लेखकाला मी विनंती करतो. सरकारला मात्र जाब विचारायला हवा. तिथे पैसा आपला आहे.

बालभारतीची स्थापना १९६७ची. तिची पुस्तकं आज पीडीएफमध्ये कोणालाही उतरवून घेता येतात, हे चांगलंच. पण आतलं पान वाचा : सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, आणि संचालकांच्या लेखी परवानगीवाचून कोणताही भाग उद्धृत करायचा नाही. उद्धृत! चार ओळी अवतरणात द्यायलाही सही. समीक्षा, संशोधन, वर्गातलं शिकवणं यांसाठीचा वापर कायद्याचं कलम ५२ मोकळा ठेवतं. मग मुलांच्या पुस्तकावर असं का छापायचं? कवितांचे आणि धड्यांचे हक्क त्या-त्या लेखकांचे आहेत, ते मंडळाला वाटता येणार नाहीत, हे मान्य. पण करदात्याच्या पैशाने काढून घेतलेले नकाशे, आकृत्या, प्रयोगांची चित्रं, स्वाध्याय? नंदुरबारच्या शिक्षकाला भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्याचा नकाशा घेऊन त्यावर पावरी नावं घालून छापायची असतील तर त्याने अर्ज का करावा? अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामावर कॉपीराइट नसतोच. त्यामुळे नासाने काढलेलं शनीच्या कड्यांचं छायाचित्र मराठी मासिकाला कोणालाही न विचारता छापता येतं आणि महाराष्ट्राचा नकाशा मात्र येत नाही.

हे आपल्या देशात जमत नाही असंही नाही. एनसीईआरटीचं मुक्त शैक्षणिक भांडार २०१३ साली ‘बाय-एसए’ परवान्याने सुरू झालं. त्याच वर्षी शेजारच्या गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोकणी विश्वकोश ‘बाय-एसए’खाली खुला केला. छोटं राज्य, छोटी भाषा, मोजकी माणसं. त्यांनी विचार केला असेल की हे खंड कपाटात राहिले तर कोण वाचणार, आणि वर्षानुवर्षांचं काम जगाला देऊन टाकलं. कोकणी विकिपीडिया उभा राहत असताना त्याला हा आधार मिळाला. मला गोव्याचा हेवा वाटतो.

तमिळनाडूचं उदाहरण तर त्याहून जुनं. कवी सुब्रह्मण्य भारती १९२१ साली गेले. त्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क पुढे चित्रपटनिर्माते ए. व्ही. मेय्यप्पन यांच्याकडे आले. भारतींचं गाणं गायला कोणाची परवानगी कशाला, असा लोकांनी आवाज उठवला आणि १९४९ साली मद्रास सरकारने भारतींचे हक्क ताब्यात घेऊन पुढे ते जनतेसाठी खुले केले. त्यानंतर तमिळनाडूने हा रिवाजच पाडला. लेखकाच्या वारसांना एकरकमी पैसे द्यायचे आणि साहित्य सर्वांचं करायचं. ‘पोन्नियिन सेल्वन’चे लेखक कल्की त्यात आहेत. वारसांनाही मिळालं, वाचकांनाही मिळालं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा सरकारी कार्यक्रम होतो. मराठी भाषा विभागाकडे माझी मागणी एका पानात मावते. यापुढे राज्याच्या पैशाने तयार होणाऱ्या प्रत्येक मराठी पुस्तकावर, नकाशावर, चित्रावर आणि ध्वनिमुद्रणावर ‘बाय’ किंवा ‘बाय-एसए’ परवाना छापा. ‘एनसी’ आणि ‘एनडी’ नको. जुन्या कामांपैकी ज्यांचे पूर्ण हक्क शासनाच्या मंडळांकडे आहेत त्यांची यादी करा आणि तीही वर्षभरात खुली करा. ज्यांचे हक्क वारसांकडे आहेत अशा दिवंगत लेखकांसाठी तमिळनाडूसारखी योजना आणा, वारस हयात आणि सापडण्याजोगे आहेत तोवर. पहिल्या दोन कलमांसाठी शासनाला लेखनसामग्रीपलीकडे खर्च नाही. तिसऱ्यासाठी आहे, आणि त्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात मागायला हवी. पुरवणी मागण्यांची वाट पाहू नका, त्या शिक्षिकेच्या तीन भाच्यांतला नाशिकचा आता ऐंशीच्या पुढे आहे.